तिसऱ्या खांबामागचा जोड

लोखंडाला गंज कुठून लागतो हे मला कुणी शिकवायला येऊ नये. जोडापासून लागतो. सपाट पत्रा दहा वर्षं पावसात तसाच उभा राहील, पण दोन तुकडे जिथे वेल्डिंगनं जोडलेत तिथे आळस केलात की दुसऱ्याच पावसाळ्यात तांबूस ओघळ खाली उतरतो आणि मग तुम्ही जन्मभर तो पुसत बसता. परवाच आमच्या गल्लीतल्या शाळेच्या फाटकाला रंग द्यायला एक बहाद्दर आला होता. जोडावरची स्लॅगसुद्धा काढलेली नाही आणि याचा ब्रश थेट डब्यात. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि त्याला तिथल्या तिथे झाडला. तर तो म्हणतो, आजी, रंग तो रंगच. आजी म्हणे! त्याचा अर्धा तास गेला आणि माझाही, पण फाटकाचे सगळे जोड मी त्याच्याकडून ठोकून घेतले.

स्लॅग म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. वेल्डिंग करताना रॉडवरचं आवरण वितळतं आणि जोडावर त्याची काळी, काचेसारखी खपली धरते. दिसायला घट्ट, पण ती लोखंडाची होत नाही कधीच. टोकदार हातोडीनं ठोकून ती काढायची, आजूबाजूला उडालेले छिटे घासून टाकायचे, तारेच्या ब्रशनं लोखंड चकचकीत करायचं, थिनरच्या फडक्यानं पुसायचं. पुसल्यावर उघडं बोट लावायचं नाही, घामातलं मीठही पुरतं त्याला. मग त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत, आधी नुसत्या जोडांवर बारीक ब्रशनं प्राइमरचा एक हात आणि त्यानंतर सगळ्यावर दुसरा. जोडाच्या उंचवट्यावरून रंग सरकतो, तिथे तो पातळच बसतो, म्हणून जोडाला आधी वेगळं वाढायचं. खपलीवरच रंग मारलात तर दोन-तीन महिने कुणाला कळणार नाही. मग खपली सुटते, रंगाला घेऊन पडते, आणि खाली गंजाला मोकळं रान मिळतं.

हे सगळं मला यांनी शिकवलं. हे म्हणजे आमचे हे. बाहेर सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. घरामागे आमची पत्र्याची शेड होती. छपराला जुन्या खिळ्यांची भोकं होती, त्यातून उन्हाचे कवडसे पडायचे आणि वेल्डिंगचा धूर त्यांच्यात वर चढताना दिसायचा. हे काचेचा मुखवटा वर करून कपाळावर ठेवायचे, कानामागे खडू. मी लग्न होऊन आले तेव्हा मला लोखंडाचा वाससुद्धा सहन होत नव्हता. दोन वर्षांत अशी झाले की बाजारात कुणाच्या खिडकीचे गज दिसले तरी आधी त्यांचे कोपरे बघायची.

आमच्या शेडचा एक नियम होता, तो दुसरीकडे मी कुठे पाहिला नाही. इतर ठिकाणी जो वेल्डिंग करतो त्याचाच माणूस स्लॅग काढतो आणि रंगारी मागाहून येतो. हे म्हणायचे, तसं नको. जो रंग देणार त्यानंच खपली काढायची, म्हणजे खाली काय ठेवलंय ते त्याचं त्याला ठाऊक राहतं. जोड गरम आहे तोवर तो यांचा, थंड झाला की माझा. माझ्या ताब्यात आल्यावर मी त्यात खोट काढायची. कुठे टाचणीएवढं छिद्र दिसलं की मी खडूनं त्याभोवती गोल काढायची आणि हे मुकाट्यानं पुन्हा मुखवटा खाली ओढायचे. मग माझी पाळी. तळहाताएवढा आरसा घेऊन हे माझ्या जोडांच्या पाठी बघायचे, कुठे ब्रश पोचला नाही ते. जोडाच्या मागे हात जात नसेल तर प्राइमरमध्ये भिजवलेली कापडाची पट्टी मागून ओवायची आणि दोन्ही टोकं धरून पुढेमागे ओढायची. यासाठी यांच्या जुन्या पायजम्यांच्या नाड्या मी जपून ठेवायची. आम्ही दिवसभर भांडायचो त्या शेडमध्ये, आणि उपड्या पिंपावर डबा ठेवून एकत्र जेवायचो. तिथे होते तितकी सुखी मी पुढे कुठेच झाले नाही, आणि तेव्हा मला ते कळत होतं, हे जास्त महत्त्वाचं.

कालव्यावरचा पूल आम्ही केला त्याला आता एकतीस वर्षं झाली. पायी जाणाऱ्यांचा पूल, बारा खांबांचा, खांब आणि तिरक्या दांड्या जिथे मिळतात असे अठ्ठेचाळीस मोठे जोड. त्याआधी पलीकडच्या शाळेत जायला पोरांना मोठ्या रस्त्यानं वळसा घालावा लागायचा. चार महिने आम्ही घर असं पाहिलंच नाही. लेक तीन वर्षांची होती, ती शेजारणीकडे वाढली म्हटलं तरी चालेल. कालव्याचं पाणी बंद होतं, आम्ही कोरड्या तळात उतरून खांबांच्या पायथ्याशी काम करायचो आणि संध्याकाळी एकमेकांना हात देऊन काठावर चढायचो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नगरपालिकेचे साहेब दोन माणसांना घेऊन बघायला आले. माझे सत्तेचाळीस जोड झाले होते. एकच राहिला होता, पलीकडच्या काठाकडून तिसऱ्या खांबाचा, मागच्या बाजूचा. तिथे तिकोनी पट्टीच्या आणि खांबाच्या मध्ये जेमतेम दोन बोटांची फट. साहेबांनी जोडांवरून हात फिरवला, खूश झाले, आणि यांना विचारलं, एवढं सफाईचं काम कुणाचं? आमचे हे, ज्यांनी जन्मात कधी बढाई मारली नाही, ते त्या दिवशी त्या साहेबांपुढे हसून म्हणाले, "जोड माझे. ही नुसता रंग फासते."

साहेब हसले, त्यांची माणसं हसली. हेही हसले. मी हातात ब्रश घेऊन चार हातांवर उभी होते.

माझा राग तुम्हाला माहीत नाही. नाकावर असतो म्हणतात, माझा तिथे कधी मावलाच नाही. डोक्यात अशी तिडीक गेली की कानात आवाज येऊ लागला. फासते काय? चार महिने गुडघे सोलवटून घेतले, नखं काळी करून घेतली, ती फासायला? मग फासतेच. तिसऱ्या खांबामागे गेले, निळ्या रंगाचा डबा घेतला, आणि खपली तशीच ठेवून, प्राइमर न देता, वरून रंग चोपडला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ब्रश तिथेच टाकला आणि यांच्याशी एक शब्द न बोलता घरी निघून गेले. राहिलेलं सामान यांनी एकट्यानं आवरलं.

दुसऱ्या दिवशी फीत कापली, पोरं धावत पलीकडे गेली, टाळ्या वाजल्या आणि पाणी सोडलं. राग म्हणाल तर आठ दिवसांत उतरला. पण मग शरमेनं धरलं. सांगायचं कसं? आपल्याच माणसाच्या कामाला आपणच सुरुंग लावून आले, हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? दरवर्षी पावसाळ्यानंतर कालवा सफाईसाठी आठवडाभर बंद करतात. पहिल्या वर्षी मी पिशवीत हातोडी आणि ब्रश घालून काठापर्यंत गेले. वरून माणसं येत-जात होती, दोघी-तिघींनी हटकलं, आज इकडे कुठे? भाजीला आले म्हटलं आणि परत फिरले. त्यानंतर मी त्या पुलावरून जाताना नेहमी दुसऱ्या बाजूच्या कठड्यानं चालायची. मोठा पाऊस लागला की मी रात्रभर जागी असायची, आणि हे शेजारी शांत घोरत असायचे.

यात एक सांगायला हवं. त्या दिवसानंतर यांनी तो शब्द पुन्हा कधी काढला नाही. उलट कुणी आमच्या कामाची तारीफ केली की हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, टिकतं ते हिच्यामुळे, माझं काय, मी नुसता चिकटवतो. मला वाटायचं, वयानं शहाणपण आलं. माझं नाव मात्र वाढत गेलं. पालिकेची माणसंसुद्धा नव्या रंगाऱ्यांना सांगायची, आधी काकूंना विचारून या. मी कमरेवर हात ठेवून सगळ्यांना धडे द्यायची आणि मनात तो एक जोड सलत राहायचा.

हे जाऊन चार वर्षं झाली. शेड मोडली, पत्रे गेले. यांच्या हातच्या खिडक्या, फाटकं, झोपाळे एकेक करून लोकांनी काढून टाकले, आता कुणाला लोखंड नको असतं. राहिला तो पूल. मी रोज सकाळी त्यावरून एक फेरी मारते. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, पण मधोमध थांबून कठड्यावर हात ठेवते आणि काल काय काय झालं ते यांना सांगते.

गेल्या महिन्यात लेकीचा फोन आला, आई, पेपरात आलंय, जुने पूल तपासणार आहेत आणि आपलाही त्यात आहे. तिच्या आवाजात काळजी होती, पण ती वेगळी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यात कोपऱ्यावरच्या दुकानात दोन रिकामटेकडे बोलत होते की मिस्त्रीनं जोड कच्चे ठेवले असणार, म्हणून तर तपासायची वेळ आली. मी त्यांना असं काही सुनावलं की दुकानदारानं मला पाणी आणून दिलं. घरी येऊन मात्र दार लावून बसले. कारण एक जोड कच्चा निघणार हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो निघाला की खापर यांच्यावर फुटणार होतं.

चार दिवसांनी पालिकेची इंजिनीअर घरी आली. पंचविशीतली पोरगी, पायात जाड बूट, काखेत हेल्मेट. पुलाचे जुने नकाशे आहेत का विचारायला आली होती. मी ट्रंकेतून काढून दिले. तिनं ते जमिनीवर पसरले आणि गुडघे टेकून बघत बसली, मला ती आवडली. कसं तपासणार ते तिनं नीट सांगितलं. अठ्ठेचाळीसांपैकी दहा जोड खरवडून लोखंडाची जाडी मोजायची, वेल्डिंग बघायचं. गंज वरवरचा असेल तर रंग काढून नव्यानं द्यायचा. पण मूळ वेल्डिंगच सदोष निघालं, एका जोडाचं जरी निघालं, तरी एकाच माणसाचं काम म्हणून सगळ्याच जोडांवर संशय येणार आणि पूल उतरवणार. मी म्हटलं, मी येते सोबत, मला सगळे जोड पाठ आहेत. ती म्हणाली, काकू, तुम्ही आलात तर फारच बरं होईल. ऑफिसात तुमचं नाव किती ऐकलंय.

मी मदत करायला गेले नव्हते. सरळ सांगते. त्या पोरीला तिसऱ्या खांबापासून लांब ठेवायला गेले होते.

कालव्याचं पाणी बंद होतं. सकाळच्या उन्हात आम्ही तळात उतरलो, तिनं मला हात दिला. मी तिला अलीकडच्या काठाकडून सुरुवात करायला लावली, हा बघ, तो बघ, करत. ती एक चौकोन खरवडायची, छोटं यंत्र टेकवायची, आकडा लिहायची. रंग उडालेला होता, कुठे कुठे वरवर गंज होता, कित्येक वर्षांत पालिकेनं ब्रश म्हणून लावला नव्हता. पण जोड ठणठणीत. एकतीस वर्षांनी माझ्या प्राइमरखालून लोखंड पांढरं निघत होतं. नऊ जोड झाले. पोरगी म्हणाली, असं काम आता बघायला मिळत नाही. माझी छाती भरून आली, आणि त्याच वेळी जीव टांगणीला लागला होता, कारण एकच उरला होता. मी आठव्या खांबाकडे बोट दाखवलं. ती नकाशात बघत त्याच्याही पुढे गेली आणि पलीकडच्या काठाजवळ, तिसऱ्या खांबापाशी थबकली.

तिनं खिशातून दांडीचा आरसा काढला, तिकोनी पट्टीच्या मागे सरकवला. बराच वेळ बघत राहिली.

"काकू, सगळा पूल निळा आहे. इथे मागेच पांढरा रंग कसा?"

मी तिच्या हातातून आरसा घेतला आणि वाकले. मागच्या फटीत पांढरा ऑइलपेंट होता. जाड, ओघळलेला, हात थरथरणाऱ्या माणसानं लावावा तसा.

तो पांढरा मी ओळखला. यांच्या शेवटच्या वर्षी बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली होती, तिच्यासाठी मीच लहान डबा आणला होता. तेव्हा यांना भिंत धरल्याशिवाय अंगणसुद्धा पार करवत नव्हतं. त्या वर्षी पावसाळा सरल्यावर एक दिवस दुपारी हे घरातून गायब झाले. मी चार गल्ल्या पालथ्या घातल्या. दोन तासांनी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आले, बूट चिखलानं भरलेले, बाहीला पांढरा डाग. मी तासभर तोंड सोडलं होतं. यांनी पाणी मागून घेतलं आणि म्हणाले, जरा हवा खाऊन आलो. मी रागानं यांचे बूट कपाटात कुलूप लावून ठेवले. ते बूट यांनी पुन्हा घातले नाहीत.

पोरगीनं पात्यानं तिरका काप घेतला. पांढऱ्याखाली राखाडी निघाला. त्याखाली पोपटी, तो बागेतल्या घसरगुंडीचा. त्याखाली पिवळा, बसथांब्याच्या बाकांचा, त्या वर्षी लेकीचं लग्न झालं. मग काळा, मग विटकरी, मग दवाखान्याच्या जिन्याचा मोतिया. प्रत्येक रंगाखाली प्राइमरची तांबडी रेघ. त्या त्या वर्षी डब्यात जे उरलं असेल ते. पोरगीला वाटलं मी थर मोजतेय. मी वर्षं ओळखत होते. सफाईच्या आठवड्यात एक दुपार हे दरवर्षी जुन्या मित्राला भेटायला म्हणून जायचे, आणि इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही की तो मित्र आपल्या घरी का येत नाही.

सगळ्यात खाली निळा निघाला. त्याखाली प्राइमर. आणि त्याखाली स्वच्छ लोखंड, खपलीचा मागमूस नाही. पुलाचा तो निळा दुकानदारानं अंदाजानं कालवला होता, तो त्याला पुन्हा कधीच जमला नाही. उरलेला डबा उद्घाटनाच्या सकाळीच पाटीसाठी पालिकेनं नेला होता. म्हणजे हा हात त्याच संध्याकाळी दिलेला होता. मी फणकारून घरी गेले आणि यांनी आरसा घेऊन माझ्या शेवटच्या जोडाची पाठ बघितली, रोजच्यासारखी. खपली ठोकली, घासलं, प्राइमर दिला, वाळेपर्यंत बसून राहिले, वरून निळा दिला आणि उशिरा घरी येऊन म्हणाले, सामान आवरत होतो.

पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं यांना. मला इतका राग आला की तो माणूस समोर असता तर मी त्याला खांदे धरून हलवलं असतं. अहो, एकदा तरी बोलायचं होतं! शिवी द्यायची होती, घर डोक्यावर घ्यायचं होतं. मी वर्षानुवर्षं पावसाचा आवाज ऐकून दचकत होते आणि तुम्ही शेजारी घोरत होता, कारण तुम्हाला माहीत होतं तो जोड कोरडा आहे. आणि तो तर एकदाच नीट केला होता, तिथेच संपलं होतं. मग दरवर्षी का जायचं? उत्तर मला तिथे उभ्या उभ्या मिळालं. या माणसानं तोंडानं कधी कुणाची माफी मागितली नव्हती. येतच नव्हती त्यांना. तो एक शब्द बोलून बसले होते, तो पुसायला दरवर्षी तिथे जाऊन रंग फासत होते. मी खांबाच्या ओट्यावर बसले.

पोरगीला यातलं काय ठाऊक असणार. ती पात्याच्या टोकानं वेल्डिंगच्या कडेचे व्रण तपासत होती. छिन्नीचे घाव होते तिथे, फटीत हातोडी जात नाही म्हणून यांनी छिन्नी घातली असणार. ती माझ्याशेजारी येऊन बसली. तिचा आवाज खाली आला होता. म्हणाली की जाडी पुरती आहे, पण हा जोड मागाहून छिन्नीनं उकरलेला दिसतोय, आणि त्यावर अठ्ठावीस वेळा रंग आहे. इतर कुठल्या जोडावर असं नाही.

"कुणी उगाच एकाच जोडाची एवढी काळजी घेत नाही, काकू. पहिलं वेल्डिंग बिघडलं असणार आणि ते झाकत राहिले असणार. मला तसं लिहावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

तिनं पेन उघडलं. वर पुलावरून माणसं चालली होती, कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजत होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बोलणं सोपं होतं. एकतीस वर्षं ज्याला घाबरले ते दोन वाक्यांत संपलं.

मी म्हटलं, "थांब, तसं लिहू नकोस. वेल्डिंग त्यांचं चोख होतं. खपली न काढता त्यावर रंग मी चोपडला, रागानं, मुद्दाम."

तिनं माझ्याकडे बघितलं. सगळ्या रंगाऱ्यांना ज्या काकूंकडे पाठवतात त्या काकूंकडे. मी नजर खाली घातली नाही. मग सगळं सांगितलं, साहेब, त्यांचं हसणं, निळ्याचा डबा, पिशवीतली हातोडी, पांढऱ्या रंगाची दांडी, कुलपातले बूट. सांगून झाल्यावर ती उठली, पुन्हा खांबामागे गेली आणि विजेरी लावून जोड टोकापासून टोकापर्यंत बघून आली. वेल्डिंगच्या मुळात काही खोट नाही म्हणाली. घाव शेजारच्या लोखंडावर आहेत, जोडावर एकही नाही. मग माझ्याशेजारी बसून तिनं मघाची ओळ खोडली आणि लिहिलं की मूळ वेल्डिंग उत्तम, सुरुवातीच्या रंगकामात कसूर, लगेच दुरुस्त. पूल ठेवावा, नव्यानं रंग द्यावा.

मी विचारलं, कसूर कुणाची ते कुठे आहे? ती म्हणाली, काकू, त्यासाठी कागदात जागा नसते, आणि लिहायची गरजही नाही. उद्या ऑफिसात दहा जण वाचतील. मी म्हटलं, वाचू देत. आजवर माझं नाव झालं ते त्यांनी होऊ दिलं म्हणून. जागा नसेल तर समासात लिही.

तिनं कागद आडवा केला आणि बारीक अक्षरात लिहू लागली. लिहिता लिहिता थांबून तिनं विचारलं की दुरुस्ती कुणी केली म्हणून लिहू, मिस्त्रींनी? मला हुंदका आला. भर दिवसा, कालव्याच्या तळात, त्या परक्या पोरीसमोर मी रडले. मिस्त्री नको लिहू म्हटलं, आणि काय लिहायचं ते सांगितलं. मग तिला म्हटलं, माझा चष्मा घरी राहिलाय, मला वाचून दाखव.

तिनं वाचलं, "चूक बायकोची. दुरुस्ती नवऱ्याची."

मी म्हटलं, पुन्हा एकदा वाच.